तळ्यातले चुरमुरे

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सात वर्षं रोज सकाळी आमच्या वस्तीच्या तळ्यात थर्मामीटर बुडवून आकडा लिहितेय. दर उन्हाळ्यात पारा थोडा वर सरकतो. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात तो सकाळी सहालाच एकोणतिसावर होता.

पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. म्हणून मी तळे समितीला म्हटलं होतं, काठचं पाणकणीस राहू द्या, पश्चिमेला करंज लावा, पाण्यावर सावली हवी. समितीचे अध्यक्ष माझेच थोरले भाऊ, गुंडोअण्णा. त्यांनी पाणकणीस उपटून काठाला दगड बसवले. फिरायला छान झालं म्हणे.

मग मासे तोंडं उघडून वर येऊ लागले. अण्णा हरखले.

"देवळाच्या पुष्करणीत येतात तसे आले बघ, वसू."

दुसऱ्या दिवसापासून ते चुरमुरे टाकू लागले. आठवड्याभरात सगळी वस्ती पिशव्या घेऊन यायला लागली.

"अण्णा, ते खायला येत नाहीत, श्वास घ्यायला येतात. चुरमुरे कुजले की उरलासुरला प्राणवायूही जाईल."

"स्वल्प गप्प बस गं. मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढू नये."

शुक्रवारी आभाळ भरलेलं होतं, वारा पडला होता. चुरमुरे पाण्यावर पसरले आणि तसेच तरंगत राहिले. एकही तोंड वर आलं नाही. पलीकडच्या काठावर घारी उतरत होत्या.

"आज पोटं भरलेली दिसतायत," अण्णा म्हणाले, आणि उरलेल्या चुरमुऱ्यांच्या पिशवीला त्यांनी उद्यासाठी गाठ मारली.