सात गल्ल्यांचे बॉक्स

आमच्या वस्तीत माझी ख्याती एकच: लक्ष्मण कशालाही नाही म्हणतो. म्हणून खरेदीला मला नेलं ते फक्त टेम्पोत मशीन धरून बसायला.

हुबळीच्या त्या दुकानात दोन ॲम्प्लिफायर काढून ठेवले होते. स्वस्तातल्यावर वॉटचा आकडा असा छापलेला, की अख्खं विद्यानगर दणाणावं. उचलला तर रिकाम्या डब्यागत हलका. जयंती कमिटीचा सत्याप्पा म्हणाला, "ह्यात दम न्हाई." दुसरा महाग होता आणि उचलताना दोघांची कंबर मोडली. दुकानदार खोटं बोलला असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तो सरळ म्हणाला, "आकडा कमी लिवलाय, पण खरा हाय. दोन ओमपर्यंत टिकतो. म्हंजे तुमचे स्पीकरचे बॉक्स एका बाजूला चारच. जास्त जोडशीला तर ओढा वाढून हा बंद पडणार." मग एकच बॉक्स लावून वाजवला. काचा थरथरल्या, सगळे खूश झाले. मी म्हणालो, "सगळे जोडून बघूया की." सत्याप्पा हसला, "अण्णांचं झालं सुरू."

एवढं मशीन हवं होतं ते माझ्या धाकट्या बहिणीसाठी. नागुबाई भीमगीतं स्वतः रचते आणि गाते. वस्ती तिला अक्का म्हणते. तिच्या घशात कॅन्सर निघाला होता. जयंती झाली की ऑपरेशन, त्यात स्वरयंत्रच काढणार होते. उरलेला आवाज जपायला ती घरात हातानंच बोलायची. तिचा नवरा गुंडू अर्धांगानं शेवटच्या गल्लीत खाटेला खिळलेला. त्याला ती एकदाच कुजबुजली होती, "मैदानातनं गाते, तुमच्या खाटंपर्यंत पोचवते." त्या दिवसापासून तो खिडकी लावू देत नव्हता.

आता आमची रीत. जयंतीला प्रत्येक गल्ली आपले दोन बॉक्स आणते. एखाद्या गल्लीचा बॉक्स वाजला नाही, तर त्या गल्लीला पंगतीतून उठवल्यासारखं होतं. आणि पंगतीतून उठणं आमच्या वाडवडिलांनी पुष्कळ भोगलंय. त्यामुळे आठ की चौदा हा प्रश्न कुणी काढलाच नाही. सातही गल्ल्यांचे बॉक्स जोडले गेले.

संध्याकाळी अक्का पांढरी साडी नेसून माईकपुढे उभी राहिली. आवाज अजून बारीक होता, पहिली ओळ मैदानापुरतीच उठली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या ओळीला आवाज चढवला, ढोलकी पडली आणि मशीनवर लाल दिवा लागला. सगळं गप्प.

"बॉक्स कमी करा," मी ओरडलो.

"करा की. पण आमचे कशाला?" कृष्णा म्हणाला. तो तिसऱ्या गल्लीचा.

"मग आमचे काढणार काय?" पाचवी गल्ली उठली. मराठी संपली तशी कानडी सुरू झाली. "साकु, साकु, बास आता" म्हणत सत्याप्पा मधे पडला, तर त्याचीच गचांडी धरली. कुणीतरी वायर उपटली, कुणीतरी ती मुठीत घट्ट धरून बसला. आणि अक्का स्टेजवर तशीच उभी, एकेकाकडं हात जोडत. कुणाचं लक्ष नव्हतं. मला सगळ्यांचा संताप आला आणि माझा जास्त, कारण मीही आमच्या गल्लीचा बॉक्स धरूनच उभा होतो.

मग ती ओरडली. पोटातून, सगळा जीव लावून. "अरे, माझं गाणं ऱ्हाऊ दे, पण भांडू नगासा रे!"

मुकाट्यानं प्रत्येक गल्लीनं एकेक बॉक्स सोडवला. मशीन लगेच सुरू झालं, दुकानदार बोलला होता तसं. अक्कानं माईक हातात घेतला, तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. मग तिनं माईक सत्याप्पाला दिला आणि खाली उतरली. त्यानं सातही गल्ल्यांची नावं घेऊन आभार मानले.

मी तिला धरून घरी नेलं. गुंडू उशीला टेकून, खिडकीला कान लावून बसला होता. तोंडावर नुसता आनंद.

"अण्णा, काय मशीन आणलंय! सत्याप्पाचं अक्षर न् अक्षर ऐकू आलं." मग तो तिच्याकडं वळला. "आता जा की माघारी. तुझी पाळी कवा?"