भांडुपच्या रांगेतला डबा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, सकाळचा. आता नाक दाबू नका. मला बोलायचं नव्हतंच. फाउंटन पेन बोलतं, छत्री बोलते, वडाचं झाड बोलतं, ते तुम्ही कौतुकानं ऐकता. माझ्याकडे आजवर कोणी फिरकलं नाही. आता बोल बोल म्हणून मागे लागलात, तर मध्येच उठून जायचं नाही.

मी जन्माचा वनस्पती तुपाचा डबा. शिकलेला नाही. पोटावर चार छापील अक्षरं होती, तीही उन्हात उडाली. तूप संपलं तेव्हा काशीराम घागनं मला वाण्याच्या दुकानातून उचललं. बोट कापू नये म्हणून माझी कड दगडावर ठोकून वळवली आणि तारेची कडी घातली. कापडगिरणीत साच्यावर राबलेला माणूस, हात पक्का. ती कडी अजून हललेली नाही.

मग रोजची रांग. भांडुपच्या त्या चाळीत संडास होते मोजके आणि माणसं मुंगीसारखी. पहाटेपासून लुंग्या, बनियन, खांद्यावर पंचे आणि हातात आम्ही. माणूस देवळाच्या रांगेत खोटं बोलेल, इथे नाही. इथे कोण कुणाचा सगा नसतो. एकदा एका नवऱ्यामुलाला हळदीच्या अंगानं उभं केलं होतं, तरी नंबर कोणी दिला नाही. काशीराम आणि समोरच्या खोलीतला धाकू तर नंबरावरून रोज भांडायचे.

"मी तुझ्या आधी उभा होतो."

"तू उभा नव्हतास, तू विडी पीत होतास."

"विडी काय बसून पीत होतो?"

भांडण झालं नाही तर दोघांचंही पोट साफ होत नसे.

गिरणी सुटून बरीच वर्षं झाल्यावर, वयाच्या सत्तरीच्या आसपास, काशीरामचं बिघडलं. आधी गेला आणि आला असा माणूस. आता सकाळी तीनदा, दुपारी दोनदा. आत गेला की कण्हायचा. रक्त मी पाहिलं. घरात कोणाला कळायच्या आधी मला कळलं. तो माझ्यातलं पाणी हळूहळू ओतून ते वाहून घालवायचा आणि बाहेर येताना तोंड नेहमीसारखं करायचा. मी कुणाला सांगणार? डब्याला तोंड असतं, पण ते पाण्यापुरतं.

धाकूला एकदा संशय आला. "मूळव्याध आहे मेल्या तुला. सुरण खा. ताक पी." काशीरामनं सुरण खाल्लं, ताक प्यालं. कोकम सोडलं, सुकट सोडली. असंच वर्ष गेलं. लुंगीची गाठ पोटावर राहीना तेव्हा मुलाचे डोळे उघडले.

मुलगा विद्याधर. बँकेत कारकून, शर्टाच्या खिशात पेन. त्यानं बापाला मोठ्या इस्पितळात नेलं. काशीराम मलाही घेऊन गेला, कापडी पिशवीत घालून. नलिनी, त्याची सून, म्हणाली, "आप्पा, तिथे नळ असतो हो."

"नळ असतो, डबा असतो का?"

पोट उघडलं, आतड्याचा तुकडा काढला. पंधरवड्यानं डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. त्या म्हणाल्या, पेशंटना आत घ्या. विद्याधर म्हणाला, आधी मी एकटाच येतो. माझी पिशवी त्याच्या हातात होती म्हणून मी आत गेलो. ज्याचं पोट, तो बाहेर बाकावर.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. आतड्याचा कॅन्सर, लिव्हरवरही गाठी. कापून जाणार नाही. औषध आहे, शिरेतून द्यायचं. ओळीनं पाच दिवस, मग महिनाभरानं परत. रोग मुळासकट जात नाही. काहींच्या गाठी वाढायच्या थोपतात, काहींच्या नाही. तोंड येतं, जुलाब होतात, रक्त कमी होतं. वय झालेल्या माणसाला जास्त जपावं लागतं.

"मग नकोच," विद्याधर म्हणाला. "सत्तरी उलटलीय त्यांची."

"वयावरून मी औषध बंद करत नाही," बाई म्हणाल्या. "ते चालतात, फिरतात, जेवतात. त्यांना सांगा. त्यांना विचारा."

"विचारतो," म्हणाला तो. बाहेर आला आणि बापाला म्हणाला, "झालं आप्पा. मूळव्याध होती, काढली."

मी पिशवीत तळमळलो. घरी मोरीच्या कठड्यावर बसून सगळं ऐकत होतो. नलिनी म्हणे, सांगा त्यांना. विद्याधर म्हणे, ते खचतील. आणि इकडे आप्पा दाराशी बसून पोटावरचे टाके चाचपायचा. मला उलटं ठेवलं तर झोप यायची नाही, सुलटं ठेवलं तरी नाही. असे दोन-तीन महिने गेले, औषधाची वेळ जात होती. ज्यानं हो किंवा नाही म्हणायचं, त्याला प्रश्नच माहीत नव्हता.

मग विद्याधरनं आणखी एक शहाणपणा केला. चाळीतल्या चार माणसांना बाजूला घेऊन सांगितलं, आप्पांचं असं असं आहे, त्यांना कळू देऊ नका, जरा सांभाळून घ्या.

चाळीनं सांभाळून घेतलं. कसं, ते ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीराम मला घेऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. पुढचा वळला. म्हणाला, "आप्पा, तुम्ही जा पुढे." त्याच्या पुढचाही बाजूला झाला. मग त्याच्या पुढचा. अख्खी रांग भिंतीला चिकटली, वरात जायला वाट करतात तशी. सगळ्यात पुढे धाकू. तोही सरकला, पायातल्या स्लिपरकडे बघत.

काशीराम जागचा हलला नाही. कडीवरची त्याची मूठ मला कळत होती, इतकी घट्ट.

"धाकू, तू मला नंबर देतोस?"

"जा ना. उशीर होईल तुला."

"तू तुझ्या बापाला दिला नसतास."

धाकूनं आपला डबा या हातातून त्या हातात घेतला.

"किती दिवस राहिलेत माझे?"

"मला काय माहीत? विद्याला विचार," धाकू म्हणाला, आणि जीभ चावली.

काशीराम संडासला गेलाच नाही. मला भरलेलाच घेऊन जिना चढला. माझ्यातलं निम्मं पाणी पायऱ्यांवर सांडलं. विद्याधर दाढी करत होता.

"काय झालंय मला?"

"काही नाही आप्पा. मूळव्याध..."

"मूळव्याधीला धाकू नंबर सोडत नाही. बोल."

विद्याधरनं अर्ध्या गालाच्या साबणानिशी सांगितलं. सगळं. औषधाचंही.

"म्हणजे औषध आहे."

"तुमच्या वयाला हाल होतील आप्पा."

"हाल कुणाचे? तुझे? माझं वय मला तुझ्या आधीपासून माहीत आहे. मला विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं, हो म्हटलं असतं, शिवी दिली असती. पण विचारायचं."

त्याच दिवशी तो इस्पितळात गेला. या वेळी पिशवी त्याच्या हातात आणि मुलगा मागे.

"बाई, बरा होईन का?"

"नाही. पण थोडे बरे दिवस मिळू शकतात. नाही मिळाले तर नुसता त्रास होईल."

"मी थांबा म्हटलं की थांबाल?"

"त्याच दिवशी."

"मग टोचा."

औषधाच्या पहिल्या पाळीनंतर तोंड आलं. पेजसुद्धा झोंबायची. जुलाब असे की माझ्यात पाणी भरायला नलिनीला उसंत नाही. बाईंनी दुसऱ्या पाळीला औषध कमी केलं, रक्त तपासलं, एकदा आठवडाभर पुढेही ढकललं. काशीरामनं रांगेत जाहीर करून टाकलं होतं, मला कोणी नंबर दिला तर याद राखा. पण जुलाबाच्या दिवसांत धावत यायचा, "बाजूला व्हा रे, बाजूला."

"बघा," धाकू म्हणायचा. "तेव्हा देत होतो तर नको. आता फुकटात हवा."

"तेव्हा दया करत होतास. आता घाई आहे."

सगळे हसायचे. मीही खडखडायचो.

आणि गाठी थोपल्या. गणपतीपासून शिमग्यापर्यंत बरे दिवस मिळाले. भूक आली. बांगडा खाल्ला, ताटात काटा ठेवला नाही. शिमग्याला गावी जाऊन पालखीला खांदा लावला. मलाही नेलं होतं, म्हणून सांगतो. कोणाला वाटेल, एवढ्यासाठी एवढा त्रास? काशीरामला विचारा. त्याला विचारायचं, हेच तर कोणाला सुचत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला डोळे पिवळे झाले. बाईंनी पोटाचा फोटो पाहिला आणि काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "आता थांबा बाई." त्या थांबल्या.

शेवटी तो रांगेत जात नव्हता. मी खाटेखाली असायचो. एका दुपारी त्यानं विद्याधरला जवळ बसवलं. म्हणाला, "विद्या, तू मला विचारलं नाहीस. उगाच महिने गेले." आणि वाट बघत राहिला. मीही बघत राहिलो. दोन शब्दांचं काम होतं.

विद्याधर पांघरूण सारखं करत म्हणाला, "तुमच्या भल्यासाठीच ना आप्पा."

काशीरामनं भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी तो गेला.

तेराव्यानंतर घर आवरलं. धोतरं गावी पाठवली, घड्याळ विद्याधरनं हाताला बांधलं, खाट विकली. मला भंगारात टाकणार होते. नलिनी म्हणाली, राहू दे. आता मी कठड्यावर उपडा असतो, बुडाला गंजून भोक पडलंय. पाणी धरत नाही, पण बाकी सगळं धरून आहे. बापाच्या माघारी सगळ्यांना काही ना काही मिळालं. माझ्या वाट्याला विद्याधरनं न मागितलेली ती माफी आली. आता ती माझी. रोज सकाळी तो माझ्यासमोर दात घासतो, माझ्याकडे बघतो, आणि चूळ भरून निघून जातो.

घाई नाही असं म्हणत नाही मी. भोक वाढतंय. तुम्ही कधी भांडुपला गेलात तर सांगा त्याला, डबा वाट बघतोय. नाव लक्षात ठेवा: विद्याधर काशीराम घाग.