राजाच्या डोक्याभोवतीची अक्षरं

कुणाचा नवरा गंजिफा खेळतो, कुणाचा तपकीर ओढतो, कुणाचा संध्याकाळी गायब होतो आणि कुठे जातो ते त्याच्या बायकोखेरीज सगळ्या आळीला ठाऊक असतं. आमच्या ह्यांना मेलेल्या राजांचं वेड होतं. कल्याण स्टेशनात मालधक्क्यावर कारकून, पगार पंचवीस रुपये, आणि घरात विलायतेचे तीन जॉर्ज, एक विल्यम आणि तरुणपणची व्हिक्टोरिया राणी, सगळी मंडळी मलमलीत गुंडाळून सागवानी पेटीत निजलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, पेटीत दागिने असतील. उघडून बघते तर काळपट तांब्याच्या चकत्या आणि त्यांवर नाकाड्या माणसांची तोंडं. ह्यांचं नाव मी घेत नाही. साहेबलोक त्यांना मिस्टर खांबेटे म्हणायचे, तेवढं तुम्हांला पुरे.

नाणी कुठून कुठून यायची. गोरे ड्रायव्हर खिशातली द्यायचे, सराफाकडे आटणीला आलेल्या चांदीत एखादं निघायचं. हे ती न्याहाळायचे, वजन करायचे, मुंबईहून आणलेल्या एका छापील पुस्तकाशी ताडून वहीत यादी लिहायचे.

पहिल्याच दिवाळीला मी एक पराक्रम केला. लक्ष्मीपूजनाला पैसा स्वच्छ हवा, म्हणून पेटीतली सगळी तांब्याची नाणी चिंच आणि राख लावून घासली आणि तबकात मांडली. काय लखलखत होती! हे घरी आले, तबक पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"अगं, नव्वद वर्षांचं रूप एका दुपारीत घासून काढलंस!"

"मळ काढला मी. रूप कसलं?"

"तो मळ नव्हे. त्या काळ्या थरालाच किंमत असते. सोनार वजनावर किंमत करतो, शौकीन रूपावर करतो."

दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र मला जवळ बसवून शिकवलं. नाणं कडेनं धरायचं, तोंडावर बोट टेकायचं नाही, पाणी लावायचं नाही. पावसाळ्यात खाडीवरून ओली खारट हवा येते, ती तांबं खाते. त्यावर तोड मी काढली. माहेरी पापडाच्या डब्यात भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी ठेवायचे, तशी मी पेटीच्या चारी कोपऱ्यांत ठेवली आणि दर आठ दिवसांनी बदलत गेले. त्यानंतर एकही नाणं हिरवं पडलं नाही. पेटीची किल्ली माझ्या कमरेला आली.

आता तारेचं सांगते. माझं माहेर ठाण्याला. व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. आषाढातल्या एका सकाळी शिपाई घरी तार देऊन गेला. हे कामावर. तेव्हा ह्यांच्या बढतीचं चाललं होतं, मला वाटलं तीच बातमी. आळीत इंग्रजी येणारे दोघे पुरुष, तेही कामावर. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेली. तार उलटीसुलटी करून पाहिली, मग तिला हळदकुंकू लावलं, देवापुढे ठेवली आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

हे साडेसहाला आले. तार माझ्या भावाची होती. वडील अत्यवस्थ, लगेच निघा, एवढंच तिच्यात होतं. आम्ही ठाण्याला पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. वडील चार वाजता गेले. ती तार मला वाचता आली असती, तर मी ह्यांना निरोप धाडला असता आणि दुपारची गाडी सहज मिळाली असती. माझ्या बापाच्या मरणाला मी हळदकुंकू लावलं होतं.

सुतक फिटल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मला इंग्रजी शिकवा."

"तुला कशाला? मी आहे ना."

"त्या दिवशी होतात कुठे?"

ह्यांनी खुंटीवरून कोट ओढला. टोपी घातली आणि बाहेर पडले. पुढच्या दीड वर्षात आणखी दोनदा विचारलं. एकदा ह्यांना एकाएकी भाजी आणायची आठवण झाली, एकदा डोकं दुखायला लागलं. जो माणूस नाणं कसं धरावं ते तासभर शिकवतो, तो बायकोला चार अक्षरं शिकवत नाही, याचा मला असा संताप आला की मी आमटीत गूळ घालणंच सोडलं.

मग ठरवलं, मास्तर नाही तर नाही. किल्ली माझ्याकडे होती.

नाथा वाण्याच्या दुकानात छटाकाचं वजन म्हणून तांब्याची एक जाडजूड चकती होती. जिरं घेताना मी ती ओळखली. असं नाकाड तोंड माझ्या रोजच्या बघण्यातलं. ते वजन छटाकाला जरा कमीच भरायचं, त्यामुळे नाथाला काही सोडवेना. शेवटी, "आळीभर सांगू का, किती कमी भरतं ते?" असं गोड आवाजात विचारलं, तेव्हा बदल्यात पितळेचं नवं वजन देण्यावर सौदा ठरला. घरी आणलं तर हे हरखून गेले. तिसऱ्या जॉर्जचं दोन पेनीचं नाणं! त्याच्या कडेनं रुंद पट्टी आणि पट्टीत खोल कोरलेली ठसठशीत अक्षरं. तेच माझं पहिलं पुस्तक झालं.

संध्याकाळी हे यादी लिहिताना मोठ्यानं म्हणायचे, "जॉर्जिअस रेक्स, म्हणजे राजा जॉर्ज. देई ग्रेशिया, म्हणजे देवाच्या कृपेनं. रेजिना, म्हणजे राणी." मी वाती वळत ऐकायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच नाणं काढायचं, ताटात तांदळाचं पीठ पसरायचं आणि एकेक अक्षर बोटानं काढायचं. कुणी आलंच तर भाकरी थापायला बसले म्हणायचं. आमच्याकडे दुपारी भाकरी कधी होत नसे, पण एवढं कोण बघतंय? आठ महिन्यांत सव्वीसांतली बावीस अक्षरं मिळाली. उरलेली चार काही केल्या कुठल्याच राजाच्या डोक्याभोवती सापडेनात. न सापडोत. शब्द तर वीसेक पाठ झाले होते. मला इंग्रजी यायला लागलं होतं, आणि त्याचा आनंद कुणाला सांगायची सोय नव्हती.

ज्युबिलीच्या आदल्या वर्षी मार्गशीर्षात बार्लो नावाचा रेल्वेचा इंजिनियर साहेब आमच्या घरी येणार असं ठरलं. त्यालाही नाण्यांचा नाद. यादी पाहून तो म्हणाला होता, मी येऊन किंमत सांगतो. ह्यांनी दोन रात्री झोप घेतली नाही. चिल्लर जमवतात म्हणून आळीत ह्यांना ‘खुर्दावाले खांबेटे’ म्हणत. साहेबानं चांगलं म्हटलं की सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. माझा विचार वेगळाच चालला होता. साहेबाबरोबर त्याची बहीण येणार होती. मी तिच्याशी इंग्रजीत बोलणार होते. तिच्या तोंडून एकदा ‘हिला येतं’ असं निघालं, तर ह्यांना मला पुढचं शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रविवारी सकाळी साहेब ओटीवर खुर्चीत बसला, बाई त्याच्या शेजारी. मी दाराआडून बघत होते. साहेबाला मोडकंतोडकं मराठी येत होतं. त्यानं चांदीची नाणी एकेक करून पाहिली, "हे साधे आहे, हे पण साधे," म्हणत बाजूला ठेवली. मग ह्यांचं लाडकं मोठं नाणं आलं. सात रुपयांना घेतलेलं. साहेबानं ते फरशीवर वाजवलं, कड नखानं चाचपली.

"मिस्टर खांबेटे, हे ओतलेले आहे. खोटे."

ह्यांचा चेहरा उतरला. मला त्या साहेबाचा राग आला. घरात मी काय वाटेल ते म्हणेन, बाहेरच्यानं ह्यांना असं खाली बघायला लावलेलं मला खपलं नाही. पण तेवढ्यात साहेबानं तांब्याचा कप्पा उघडला आणि खुर्ची पुढे ओढली. वाण्याकडचा तिसरा जॉर्ज त्यानं दोनदा उलटवून पाहिला.

"माझे सगळे तांबे इथे हिरवे झाले. हे कोण सांभाळते?"

ह्यांनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या घरात सांभाळतात."

बाई उठल्या आणि थेट आतल्या खोलीत आल्या. मी पदर सारखा केला, हात जोडले आणि आठ महिने घोटलेलं वाक्य म्हटलं. राणीसाहेब, देवाच्या कृपेनं आपलं येणं झालं, असं मला म्हणायचं होतं.

"रेजिना! देई ग्रेशिया!"

बाई दचकल्या. दाराकडे वळून भावाला काहीतरी म्हणाल्या आणि दोघं खदखदून हसली. ओटीवर हे ताडकन उभे राहिलेले मला दिसले.

"तू हे कुठे शिकला?" बाईंनी विचारलं. त्यांचं मराठी आयाकडून शिकलेलं असावं.

"नाण्यावरून. इंग्रजी," मी म्हटलं.

"हे इंग्रजी नाही. लॅटिन आहे. रोमचे लोक बोलत होते, फार जुने. आता घरात कोण बोलत नाही."

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं! आठ महिने पिठात बोटं घालून मी शिकले काय, तर मेलेल्या राजांची मेलेली भाषा. डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी चुलीकडे तोंड फिरवलं. ओटीवरून ह्यांचा आवाज आला, अगदी बारीक.

"लॅटिन? मी तर जुनं इंग्रजी समजत होतो."

म्हणजे ह्यांनाही ठाऊक नव्हतं! पुस्तकात अर्थ दिलेला होता, तेवढा वाचून दाखवत होते.

बाईंनी हसणं थांबवलं. कमरेच्या थैलीतून चालू रुपया काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "यावर इंग्रजी आहे. वाच."

रुपया! दर महिन्याला पंचवीस माझ्या हातून जात होते, आणि मी त्यांच्याकडे कधी वाचायचं म्हणून पाहिलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी रुपया उजेडाकडे धरला. अक्षरं तीच होती, माझ्या ओळखीची. "ओ... ने," मी म्हटलं. बाईंनी मान हलवली, "वन." पुढचं त्यांनी सांगायच्या आधी मी खालच्या शब्दावर बोट ठेवलं. कडेनं धरून, तोंडाला बोट न लावता.

"इं... डि... आ."

मग मीच पुन्हा म्हटलं, सलग. "इंडिया." आठ महिने फुकट गेले नव्हते.

बाई म्हणाल्या, "दर गुरुवारी बंगल्यावर ये. मी शिकवते. माझ्या भावाचे तांबे तू सांभाळ." साहेबानं ओटीवरून ह्यांच्याकडे पाहिलं. हे चांदीची नाणी पुन्हा ओळीत लावू लागले. नारळ आणि गुलाबाची फुलं देऊन आम्ही दोघांना वाटेला लावलं.

टांगा वळणापलीकडे गेला आणि मी भांडायला कंबर कसली. लोक काय म्हणतील, बाटशील, वाळीत टाकतील, ह्या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. हे पेटी आवरत होते. ते खोटं नाणंसुद्धा मलमलीत गुंडाळत होते.

"जाऊ का नको, ते एकदा सांगा," मी म्हटलं.

"जा."

मी उत्तरं घेऊन उभी, आणि समोर प्रश्नच नाही.

"मग मला का नाही शिकवलंत? तीनदा विचारलं मी."

ह्यांनी मलमलीची घडी मोडून पुन्हा घातली. "अगं, मलाच कुठे येतं? पोती, गोण्या, नग, वजन, एवढंच माझं इंग्रजी. साहेबाचं पत्र आलं की दुसऱ्या कारकुनाकडून वाचून घेतो. तुझ्या भावाची तारसुद्धा मला एका वाचनात कळली नव्हती. तुला शिकवायला बसलो असतो तर दुसऱ्या दिवशी तू ओळखलं असतंस."

माझा दोन-अडीच वर्षांचा राग कुठे ठेवावा तेच मला कळेना. ह्या माणसाला मी आळशी म्हटलं, निष्ठुर म्हटलं, मनातल्या मनात काय काय म्हटलं. आणि हा बिचारा माझ्यासमोर उघडा पडायला भीत होता. मला रडू आलं, आणि मी ते ह्यांच्यासमोर येऊ दिलं. हेही रडले. मग मी दोघांना आमटी वाढली, गूळ घालून.

जेवताना ह्यांनी खाली मान घालूनच विचारलं, "गुरुवारी मीही येऊ का? अर्धी रजा टाकतो. पण मी चुकलो तर हसायचं नाही."

"मी हसणार. तुम्हीही मला हसा," मी म्हटलं.

गुरुवारी भर उन्हात आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. हे दोन पावलं पुढे, मी मागे, आणि आळीतल्या झाडून सगळ्या खिडक्या उघड्या. बाईंना वाटलं होतं मी एकटीच येईन, त्यामुळे त्यांच्याकडे पाटी एकच होती. पहिलं अक्षर कुणी काढायचं, यावरून आम्ही त्यांच्यासमोरच भांडलो.