विकतचं मार्मालेड

आमच्या गावात पुस्तक वाचायची रीत सोपी आहे. आपण त्यात आहोत का, एवढं बघायचं. हेस्टर क्वार्म्बीच्या कादंबऱ्यांना लंडनच्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, तेव्हा आमच्या बायका म्हणाल्या, "संसार नाही ना, मग लिहीत बसायचं, दुसरं काय!" पण नव्या कादंबरीतली बाई दुकानातलं मार्मालेड, म्हणजे संत्र्याच्या सालींचा मुरांबा, गावच्या प्रदर्शनात स्वतःचं म्हणून मांडते आणि पहिलं बक्षीस उपटते, हे कळलं मात्र, एकच प्रत दारोदार फिरली. नवरा दारुडा निघाला तर आमच्याकडे खपतं. मार्मालेड विकतचं निघालं तर नाही.

सगळ्यात जास्त भडकली मिसेस प्रोथेरो. पहिल्या नंबरचं लाल कार्ड वर्षानुवर्षं तिचंच. दुर्दैवाने हेस्टरचं घरही तिचंच. 'सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर घर खाली कर,' असा निरोप आला. हेस्टर सत्तरीची, गुडघे गेलेले, दुसरं छप्पर नाही.

मी तिची शेजारीण. म्हटलं, "अगं, मागून टाक ना माफी. शब्दांना काय तोटा तुला?"

"कोणाची मागू? ती बाई मी मनानेच रचलीय."

गावच्या हॉलमध्ये सभा भरली. चहा झाला. रेव्हरंड ओकशॉटनी घसा साफ केला. हा माणूस प्रार्थनासुद्धा कोणाला दुखवणार नाही अशा बेताने म्हणतो.

"मिसेस प्रोथेरो, पुस्तकात तुमचं नाव तर कुठे नाही..."

"नाव कशाला हवं?" ती कडाडली. "अख्खं गाव ओळखतं! म्हणे, गरम व्हिनेगरमध्ये बरण्या बुडवून लेबलं काढते! म्हणे, घरचं वाटावं म्हणून वरून जाडजाड साली घालते! माझी बदनामी नाही तर काय ही?"

हेस्टरने कप खाली ठेवला. "पण बाई, मी लेबलांचं काहीच लिहिलेलं नाही. सालींचंही नाही. माझी बाई नुसत्या बरण्या आणते आणि मांडते. मला कुठलं एवढं सुचायला?" मग तिने पर्समधून पेन्सिल काढली. "व्हिनेगर गरमच लागतं का हो?"

खाई त्याला खवखवे! प्रोथेरोबाईंचा चेहरा बीटासारखा झाला. पुस्तक तिने वाचलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. रेव्हरंड बिस्किटाकडे बघत बसले. मी मोठ्याने हसले, आणि एकटीच हसले. बाकीच्या बायका आपापल्या हातमोज्यांची बटणं चाचपत होत्या.

घर खाली करायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या कादंबरीची भीती घरमालकिणीलाच जास्त.

ऑगस्टात प्रदर्शन भरलं. भोपळे आले, केक आले, गुलाब आले. मार्मालेडच्या टेबलावर इस्त्रीची पांढरी चादर होती, लाल कार्ड होतं, आणि बरणी एकही नव्हती.

हेस्टर काठी टेकत त्या टेबलापाशी बराच वेळ उभी राहिली.

"अगं," ती मला म्हणाली, "मी तर एकच बाई लिहिली होती."