हातावर झूम कर

दीनानाथ देवस्थळींच्या हातून चहाचा कप पडला, तो गणपतीत. तसं कप पडणं ही काही सांगायची गोष्ट नव्हे. सुनीतीबाईंच्या हातून वर्षाकाठी तीन-चार फुटत, आणि ‘गेली इडापिडा’ म्हणून त्या केरसुणी आणायला उठत. पण दीनानाथ फुटक्या कपाकडे न बघता स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले होते. दोनच दिवसांपूर्वी ते कोथरूडला थोरल्या भावाला, रंगनाथला, भेटून आले होते. रंगादादांचा कंपवात असाच सुरू झाला होता. आधी कप, मग सही, मग शर्टाची बटणं. आता वहिनी त्यांना चमच्याने भरवत.

त्या दिवसापासून दीनानाथ चहा डाव्या हाताने घेऊ लागले. सुनीतीबाईंनी पाहिलं, पण विचारलं नाही. एकदाच म्हणाल्या, “डॉक्टरांना दाखवून येऊ या का?”

“कशाला? कप फुटला म्हणून? कपाला दाखव.”

विषय संपला. पुढे अनंत चतुर्दशीला त्यांनी नेहमीसारखा नवऱ्याच्या उजव्या दंडावर चौदा गाठींचा रेशमी दोरा बांधला. दरवर्षी दुसऱ्या दिवशी आंघोळीआधी “हं, घे तुझा अनंत” म्हणून दीनानाथ तो उतरवून देत आणि दोरा देवघरातल्या डबीत जाई. यंदा म्हणाले, “राहू दे.” सुनीतीबाईंना बरं वाटलं. बेचाळीस वर्षांनी का होईना, देवाने बुद्धी दिली.

मग बॉल उजवीकडे जायला लागला.

हे गोल्फचं खूळ हडपसरच्या कारखान्यातलं. दीनानाथ तिथे तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. जपानी पाहुण्यांबरोबर खेळायला साहेबांना चौथा भिडू हवा असे, आणि वेळेवर येणारा माणूस म्हणून यांना पकडलं. निवृत्तीनंतर पाहुणे गेले, साहेब गेले, गोल्फ राहिलं. आठवड्यातून दोनदा स्कूटरला पिशवी अडकवून ते स्वारगेटवरून, हडपसर ओलांडून, लोणी काळभोरच्या अलीकडच्या ड्रायव्हिंग रेंजवर जात. रेंज म्हणजे एक लांबलचक जाळी लावलेलं मैदान. एका टोकाला उभं राहून बादलीभर बॉल मारायचे, बस्स. सदाशिव पेठेत शेजारचे कुलकर्णी रोज विचारत, “काय देवस्थळी, काठी टेकायच्या वयात काठ्या फिरवताय?” दीनानाथ म्हणत, “टेकायची वेळ आली की तुम्हाला देईन एक.”

हल्ली मात्र ते कुलकर्ण्यांना उत्तर देत नसत. दीडशे यार्डांच्या पाटीकडे सरळ जाणारा बॉल अर्ध्या वाटेत वळून उजवीकडच्या जाळीत शिरत होता. एक नाही, दोन नाही, सगळे.

“व्हिडिओ काढायचा,” नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं. “डोळ्याला वाटतं त्याला अर्थ नाही. मोजलं पाहिजे. मोबाइल लावायचा स्टँड सलोनी घेऊन गेली, तेव्हा तू चल.”

सुनीतीबाईंचा नेम असा, की अकरा माळा जप झाल्याशिवाय चहासुद्धा तोंडात घालायचा नाही. लेक सलोनी सासरी गेली त्या सकाळीही तो चुकला नव्हता. पण पहाटे घटाची पूजा, अखंड दिव्यात तेल, दिव्याकडे लक्ष ठेवायला शेजारच्या इंदुबाईंना किल्ली देणं, यात चारच माळा झाल्या. उरलेल्या सात तिकडे करू, म्हणून त्यांनी जपमाळेची गोमुखी कमरेला खोचली आणि स्कूटरवर बसल्या. नवरात्रात पायात चप्पल नसे. रेंजवरचं दवाने भिजलेलं गवत तळव्यांना गार लागलं, तेव्हा त्यांना वाटलं, जागा काही वाईट नाही.

“हातावर झूम कर,” दीनानाथ म्हणाले. “हात आणि बॉल. बाकी काही नको.”

सुनीतीबाईंनी डाव्या हातात मोबाइल धरला. हात अवघडू नये म्हणून डावं कोपर उजव्या मनगटावर टेकवलं. उजवा हात गोमुखीत. ओठ न हलवता त्यांनी जप पुढे चालू केला, आणि दीनानाथांनी सात नंबरच्या आयर्न काठीने बॉल मारला. उजवीकडे. दुसरा, उजवीकडे. तिसरा मारून ते आले आणि मोबाइल घेऊन बाकावर बसले.

त्यांनी व्हिडिओ एकदा बघितला. पुन्हा बघितला. मग अगदी हळू करून बघितला.

सुनीतीबाईंनी खांद्यावरून वाकून पाहिलं. बॉल मारण्याआधी नवरा स्थिर उभा होता, आणि त्याचा हात थरथरत होता. बारीक, एका लयीत, थांबून थांबून. रंगादादांचा थरथरे तसाच.

“बघितलंस?” दीनानाथ एवढंच म्हणाले. त्यांनी ग्लोव्ह काढला, त्याची नीट घडी केली आणि तो पिशवीत ठेवला. मग काठ्या एकेक करून पुसायला घेतल्या. पुन्हा लागणार नाहीत अशा वस्तू माणूस पुसतो तशा.

सुनीतीबाईंचा जप थांबला. त्यांनी मनातल्या मनात देवीला एकच म्हटलं, हे नको.

“काका, लगेच निघाला? बादली तर भरलेली हाय!” तनुजा येत होती. ही तिथली कोच. लोणीचीच मुलगी, वडील याच मैदानावर गवत कापायचे. पंचविशीत तिने दोन राज्यस्तरीय स्पर्धा जिंकल्या होत्या, आणि वय, हुद्दा न बघता सगळ्यांना ओरडायची.

दीनानाथांनी मोबाइल तिच्या हातात दिला. तनुजाने बघितलं, भुवया चढवल्या.

“हे कुणी शूट केलं?”

“मी,” सुनीतीबाई म्हणाल्या.

“ते सोड,” दीनानाथ कोरड्या आवाजात म्हणाले. “हात बघ. कंप दिसतोय ना?”

“दिसतोय की. बॉलपण थरथरतोय, काका. बॉलला पण कंपवात झालाय का?”

दीनानाथांनी तिच्याकडे पाहिलं.

“आणि हे खालचं मॅट बघा. ते पण. भूकंप झालता का सकाळी?” तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. “हात न्हाई हालत. मोबाइल हालतोय. काकू, तुम्ही शूट करताना काय करत होता?”

सुनीतीबाईंनी खाली बघितलं. गोमुखी अजून हातातच होती. एक मणी सरकला की मनगट हलायचं, मनगटावरचं कोपर हलायचं, आणि कोपराच्या वर मोबाइल. त्यांना कानांपर्यंत लाज आली.

“माळ,” त्या पुटपुटल्या. “सात राहिल्या होत्या.”

तनुजा जी हसत सुटली, ती बाकावरच बसली. दीनानाथ हसले नाहीत. त्यांनी मोबाइल परत घेतला आणि या वेळी फक्त बॉल बघितला. आयुष्यभर केसाच्या जाडीचा फरक शोधून माल परत पाठवलेला हा माणूस, पण तीन वेळा व्हिडिओ बघताना त्याची नजर स्वतःच्या हातावरून हलली नव्हती.

“मीच धरला होता ना,” सुनीतीबाई म्हणाल्या, “माझंच चुकलं, अहो.”

“थांब गं,” ते म्हणाले. “तनुजा, तू काढ. नीट टेकवून.”

तिने शेजारची रिकामी बादली उपडी केली, तिच्यावर स्वतःचा मोबाइल टेकवला आणि दीनानाथांच्या उजव्या बाजूने, दुरून व्हिडिओ घेतला. हात दगडासारखा स्थिर. बॉल मात्र पुन्हा उजवीकडे.

दीनानाथांचा चेहरा पुन्हा पडू लागला. “मग हे का? बळ कमी झालंय हाताचं. आहे ते आहे.”

“बळ कुठलं कमी? जाळी फाटायची येळ आलीय. जरा जुना व्हिडिओ काढा. आषाढातला असंल ना, सलोनीताईनं घेतलेला?”

तिने दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरले. आषाढातले दीनानाथ काठी खाली आणताना उजवं कोपर बरगडीला घासून आणत होते. आजच्या दीनानाथांचं कोपर अंगापासून वीतभर लांब.

“हे बघा, पंख फुटल्यागत. असं केलं की बॉल उजवीकडंच पळणार. काका, दंडाला काही लागलंय का? गळू बिळू?”

“काही नाही.”

पण सुनीतीबाईंनी ते पाहिलं होतं. सलोनीने दिवाळीच्या आधीच धाडलेला तो नवा टी-शर्ट, त्याची घट्ट बाही, आणि बाहीखाली उठलेली चौदा गाठींची एक रांग. काठी वर गेली की बाही ताणली जायची आणि गाठी रुतायच्या. कुणाचंही कोपर आपसूक बाहेर पळालं असतं.

मघाशी माळ, आता हा दोरा. दोन्हीकडे आपलाच देवधर्म आडवा आलेला. पण गप्प राहून चालणार नव्हतं.

“अहो, अनंत,” त्या हळूच म्हणाल्या. “यंदा तुम्ही उतरवलाच नाहीत.”

दीनानाथांनी बाही वर केली. दंडावर गाठींचे लालसर वळ उमटले होते.

“दरवर्षी दुसऱ्या दिवशी काढता. यंदा राहू दे म्हणालात. मला वाटलं...”

“रंगादादाला बघून आलो होतो,” दीनानाथ मैदानाकडे बघत म्हणाले. “वहिनी घास भरवत होती आणि तो माझ्याकडे बघत होता. मग तो कप पडला. म्हटलं, आपल्याला नाही समजत, पण हिचा अनंत असू दे दंडावर. गेलं तर काय जातंय.”

सुनीतीबाईंनी नवऱ्याच्या दंडावरच्या वळावरून बोट फिरवलं. तीन आठवडे हा माणूस कुलकर्ण्यांना उत्तर देत नव्हता, डाव्या हाताने चहा पीत होता, आणि ही भीती रेशमाच्या दोऱ्याखाली झाकून एकटाच हिंडत होता. आणि आपण देवाने बुद्धी दिली म्हणून खूश.

“कप माझ्या हातून वर्षात चार फुटतात,” त्या म्हणाल्या. “मला कुणी कंपवात म्हणत नाही.”

“तुला म्हणायची छाती कुणाची आहे?”

त्यांनी दंड पुढे केला. सुनीतीबाईंनी गाठ सोडली, दोरा डोळ्यांना लावला आणि गोमुखीत ठेवला. घरी गेल्यावर डबीत जाईल. देव काही दंडावर असला तरच असतो असं नाही, हे त्यांना आजवर माहीत होतं; आज पटलं.

पुढचा बॉल दीडशेच्या पाटीच्या जरा अलीकडे पडला. सरळ. त्याच्या पुढचा पाटीवर आदळला आणि ठण्ण आवाज आला. तनुजा “हां, आत्ता कसं!” म्हणून दुसऱ्या कुणाला तरी ओरडायला निघून गेली. दीनानाथांनी सगळी बादली संपवली. घामाघूम होऊन बाकावर आले, आणि बराच वेळ नुसते श्वास घेत बसले. इतके दिवस आत अडकलेला सगळा श्वास आज बाहेर पडत असावा.

“गुरुवारी डॉक्टरकडे जाऊन येऊ,” ते आपणहून म्हणाले. “तुझ्या समाधानासाठी. आता काय, मला भीती नाही. दोन्ही व्हिडिओ दाखवू त्याला. माळेसकट.”

“नको हो!” सुनीतीबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

कँटीनमधून दोन ग्लास चहा आला. सुनीतीबाईंनी मान हलवली. शूटिंगच्या गडबडीत किती माळा झाल्या याचा हिशेब चुकला होता, त्या साती पुन्हा करायला हव्या होत्या.

“तुम्ही घ्या ना. निवेल.”

“निवू दे. थांबतो.”

त्या डोळे मिटून जपाला लागल्या. मधेच, तिसऱ्या का चौथ्या माळेला, त्यांनी डोळे किलकिले केले. हे असं करू नये, पण केलं. दीनानाथ ग्लास हातात धरून तसेच बसले होते. उजव्या हातात. ग्लास काठोकाठ भरलेला होता, वर जाड साय धरली होती, आणि त्या सायीला एक सुरकुतीसुद्धा नव्हती.

सुनीतीबाईंनी डोळे मिटले आणि मणी पुढे सरकवला.