तिसऱ्या मजल्यावरची चाकाची खुर्ची

मी एक चाकाची खुर्ची. घाटकोपरला, लिफ्ट नसलेल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. माझी चाकं मोठी, रस्त्यावर फिरण्याजोगी. पण बारा वर्षांत रस्ता पाहिला तो एकदाच, दुकानातून टेम्पोत बसून आले तेव्हा. पलंग, खिडकी, मोरी. चौदा फूट. एवढंच माझं फिरणं.

गुणाजींच्या आईचं कमरेचं हाड मोडलं म्हणून मला आणलं. गुणाजी अंधेरीला एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. सकाळी सातला निघायचे ते दिवेलागणीनंतरच परतायचे. दिवसभर मला ढकलायची ती त्यांची बायको, शेवंती.

"शेवंती, वारो लागता गो," म्हातारी म्हणायची, की ती मला खिडकीपासून मागे घ्यायची. पाच मिनिटांनी "उकाडता गो," की पुन्हा पुढे. ती कधी कंटाळली नाही असं सगळे म्हणतात. मी नाही म्हणणार. कधी कधी माझ्या दांड्यावर कपाळ टेकून ती उभी राहायची, गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत.

एकदा कुडाळला तिच्या भाच्याचं लग्न होतं. बॅग भरून झाली होती. गुणाजी म्हणाले, "तू गेलीस तर आईला कोण बघणार? मला रजा नाही गं." तिने बॅगेतली साडी काढून परत कपाटात ठेवली. भांडण नाही, रडणं नाही. भाजी चिरायला बसली.

गेल्या श्रावणात मोरीत कपडे धुताना ती कोसळली. म्हातारी माझ्यावर बसलेली, हाका मारत होती. मोरी चार हातांवर, आणि माझा ब्रेक लावलेला. वाकून तो काढणं म्हातारीला जमेना. शेजारच्या शांताबाई येईपर्यंत आम्ही दोघी तशाच, तिच्याकडे बघत. तोवर सगळं संपलं होतं.

तेव्हापासून गुणाजी काम सोडून घरीच असतात, मला तेच ढकलतात. पहिले काही दिवस माझं चाक पलंगाला आपटायचं, मग शिव्या. हळूहळू जमलं. आईची वेणीसुद्धा घालायला शिकले.

वर्षश्राद्धाच्या आधी गावच्या मंडळाचे चंद्रप्रकाश घरी आले. "आदर्श सून म्हणून वहिनींच्या नावाने मानपत्र देतोय. दोन ओळी सांगा ना. त्यांना कशाची आवड होती?"

पस्तीस वर्षांचा संसार, आणि गुणाजींना एक गोष्ट आठवेना.

म्हातारीच बोलली. "तिका भजनां आवडत. मी निजलंय असां समजान गाई. मी निजत नव्हतंय."

गुणाजींनी तोंड फिरवलं. म्हणाले, "त्याग-बिग लिहू नका. लिहा, अकरा वर्षांत तिला एक सुट्टी मिळाली नाही. न देणारा मी होतो."

"असं मानपत्रात कसं लिहायचं, गुणाजी?"

"मग मानपत्र नको."

पुढच्या रविवारी बोरिवलीहून मुलगा निलेश आणि सून दीप्ती आले. निलेश म्हणाला, "बाबा, दीप्ती नोकरी सोडून इथे येऊन राहील म्हणतेय. तुम्हाला एकट्याला किती दिवस झेपणार? आईनं केलंच ना सगळं."

दीप्ती माझ्यामागेच उभी होती. तिची बोटं माझ्या दांड्यावर. थंडगार.

गुणाजी पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून आले. "तू म्हणालीस, की हा म्हणतोय?"

दीप्तीने दांडा आणखी घट्ट धरला. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. "पोरी, उद्या कामावर जा. आणि निल्या, शनिवारी तू ये. आजीला आंघोळ कशी घालायची, शिकवतो."

आता शनिवारी निलेश येतो. साबण डोळ्यात गेला की आजी त्याला यथेच्छ बोलते. मी अजून जिना उतरलेली नाही, उतरेन असं वाटतही नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर बसलेल्याची विचारपूस करायला सगळे येतातच. तुम्ही तेवढं मागे उभं असलेल्या माणसाला जरा टेकायला सांगा, आणि दांडा आपल्या हातात घ्या.