कूलरच्या आवाजाआड

संशय हा काही कुसुमबाईंच्या घरी पहिल्यांदाच आलेला पाहुणा नव्हता. दूधवाल्या भैयाचं माप, भाजीवालीचा तराजू, गॅसवाल्याचं सिलिंडर, सगळ्यांवर त्यांची एक नजर असायचीच. पण चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्यावर संशय घ्यायची पाळी कधी आली नव्हती, कारण देवीदास वासनिक हा माणूस संशय घेण्याजोगं काही करतच नसे. फॅक्टरीत फिटर होता तेव्हा सकाळी सायकलवर जायचा, संध्याकाळी यायचा. रिटायर झाल्यावर रिछाईच्या कारखान्यांच्या भागात एका ओळखीच्या शेडमध्ये कोपरा धरून कूलर दुरुस्त करायला लागला, तरी तसाच जायचा नि तसाच यायचा. असल्या माणसाचा संशय घ्यायचा तरी कसला!

ठिणगी टाकली ती शेजारच्या चंपाबाईंनी. चंपाबाई म्हणजे वस्तीचं वर्तमानपत्रच, तेही सकाळ-संध्याकाळ निघणारं.

“अवो कुसुमताई, भाऊजी काल दुपारी सराफ्यात दिसले जी. त्या श्यामसुंदर सोनीच्या दुकानात. काही करून राहिले का तुमच्यासाठी? बांगड्या-गिंगड्या?”

“करून राहिले असतील बाई,” कुसुमबाई हसून म्हणाल्या खऱ्या, पण मनात हिशेब जुळेना. काल दुपारी कुठे होतात असं त्यांनी नवऱ्याला सहज विचारलं होतं, तेव्हा देवीदासांनी शेडमध्ये होतो म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळी ताट वाढता वाढता त्यांनी विषय काढला.

“सराफ्यात काहून गेले होते?”

देवीदासांचा घास हातातच राहिला. “कोण म्हणलं?”

“मी म्हणून राहिले.”

“काम होतं थोडं.”

“कायचं काम? कूलरला काय सोन्याची पाती लावता?”

“सांगीन ना. पूर्णिमेच्या आधी सांगीन,” असं म्हणून त्यांनी मान खाली घातली आणि वरणात भात कालवत बसले. हे ‘सांगीन’ ऐकून कुसुमबाईंचं डोकं जास्तच फिरलं. अहो, लपवायचं काही नसेल तर माणूस आत्ताच नाही का सांगणार?

आता एकदा डोळ्याला सवय लागली की हवं ते दिसायला लागतं. दोन दिवसांनी धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खांद्यावर पांढरे डाग दिसले. पक्ष्याची शिट. देवीदास म्हणाले, सिविल लाइंसमध्ये झाडाखाली उभा होतो. कुठल्याशा जुन्या बंगल्याच्या मागे मोठं झाड आहे म्हणे.

“दिवेलागणीच्या वेळी झाडाखाली उभं राहून काय करता?”

“उभा राहतो,” देवीदास म्हणाले. घ्या! काय बोलायचं अशा माणसापुढे?

मग आली अगरबत्ती. सून विनता दुपारी शाळेत शिकवायला जायची, मुलगा गुणवंत कटनीला नोकरीवर, रविवारीच यायचा. अशा सामसूम दुपारी देवीदास जेवायला घरी आले होते नि कुसुमबाई जरा लवंडल्या होत्या, तर मागच्या कोठीतून अगरबत्तीचा वास आला. तथागतांच्या फोटोपुढची अगरबत्ती तर सकाळीच विझलेली. त्या अनवाणी पायांनी गेल्या आणि दाराच्या फटीतून पाहिलं. खिडकी बंद. नवरा जमिनीवर मांडी घालून बसलेला. समोर धूर. आणि त्या धुरातून तो एक लांबट काहीतरी हळूहळू फिरवत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे, अगदी डोळे लावून. कुसुमबाई आल्या पावली मागे सरकल्या.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर पडल्याबरोबर त्यांनी कोठी उपसली. पिंपामागे बिस्किटाचा जुना डबा सापडला. झाकण काढलं, तर आत घुबडाची पिसं. पिवळसर, ठिपक्या-ठिपक्यांची, सात-आठ. त्यांच्याखाली काळ्या मखमलीचे तुकडे, आणि पत्र्याच्या पट्ट्या, कडेला बारीक बारीक दाते कोरलेल्या. काय ते सगळं त्यांच्या क्षणात ध्यानात आलं. सोनाराकडून ताईताचा पत्रा, काळं कापड, घुबडाचं पीस, धूर. करणीचं सगळं सामान घरच्या बिस्किटाच्या डब्यात!

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? पण कुसुमबाई कोण होत्या ते ऐका. त्या विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ, आणि नुसत्या पाठ नाही, वस्तीत त्या पाळल्या जातात की नाही हे पाहायला त्या घरोघर फिरायच्या. शेवंताच्या दारावरचं लिंबू-मिरची त्यांनी स्वतःच्या हातानं तोडून नालीत फेकलं होतं, आणि वरून तासभर सुनावलं होतं. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला अंधश्रद्धेवर भाषण त्यांचंच ठरलं होतं. आता कोणत्या तोंडानं करायचं ते भाषण? चंपाबाईंना या डब्याचा वास जरी लागला असता, तरी संध्याकाळपर्यंत नाक कापलं गेलं असतं.

आणि कारणही त्यांना लगेच सापडलं. गुणवंतच्या लग्नाला सहा वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता. होळीला नागपूरहून नणंद आली होती, इंदू, ती भावाला म्हणाली होती, “दादा, आमच्याकडे एक बाबा आहे, लई जणांचं झालं त्याच्याकडून.” देवीदास तेव्हा हसले होते. हसले, पण नाही म्हणाले नव्हते. कुसुमबाईंना ते हसू आता वेगळंच आठवायला लागलं.

नवऱ्याला सरळ विचारावं, तर तो ‘सांगीन’ म्हणणार. मुलाला सांगावं, तर सुनेपर्यंत जाणार, आणि ती पोर आधीच या विषयावर आतल्या आत झिजत होती. राहिले एक डोमाजीबाबा. विहाराचे अध्यक्ष, ऐंशीच्या घरातले, देवीदास त्यांचा शब्द कधी खाली पडू देत नसत. बाबांनी चार गोष्टी ऐकवल्या तर काम होईल. पण बाबांना कमी ऐकू यायचं, त्यांच्या कानाशी ओरडावं लागायचं. असली गोष्ट ओरडून सांगायची कशी?

त्याला मात्र आमच्या विहारात एक सोय होती. विहारात दोन कूलर, एक दारापाशी, एक मूर्तीच्या उजवीकडच्या खिडकीत. दोन्ही जुने, पत्र्याचे, आणि दोन्हींचा आवाज असा की जणू आत कोणी खडी भरडतंय. त्यामुळे वंदनेच्या वेळी ते बंद ठेवायचे, सगळे घामानं निथळायचे, आणि ‘साधु साधु साधु’ झालं की लावायचे. एकदा कूलर लागला की दोन हातांवरच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून वस्तीतल्या झाकायच्या गोष्टी तिथेच व्हायच्या. कोणाच्या सोयरिकीची चौकशी, कोणाच्या नवऱ्याची दारू, जावाजावांची भांडणं, सगळं कूलरच्या आवाजाआड, डोमाजीबाबांच्या कानाशी. मानेला गार वारा लागला की समजायचं, आता बोलायला हरकत नाही. कुसुमबाईंनी तीस वर्षं दुसऱ्यांची गाऱ्हाणी अशीच नेली होती. आता स्वतःचं न्यायचं होतं.

शनिवारी देवीदास विहाराची किल्ली घेऊन गेले. कूलर साफ करतो म्हणाले. तिकडची दुरुस्ती त्यांच्याकडेच असायची, तरी कुसुमबाईंनी मागे जाऊन कोठीत पाहिलं. डबा जागेवर नव्हता. अरे देवा, म्हणजे आता विहारातसुद्धा! देवाचं नाव तोंडातून निघालं म्हणून त्यांनी स्वतःच्याच गालावर एक चापट मारून घेतली. रात्रभर त्यांना झोप लागली नाही.

रविवारी वंदना झाली. मे महिन्यातलं ऊन, हॉल खच्चून भरलेला, विनता मधल्या रांगेत, गुणवंतला त्या रविवारी सुट्टी मिळाली नव्हती. ‘साधु साधु साधु’ झालं आणि एकच गलबला सुरू झाला, पोरं रडायला लागली, बायका पदरानं वारा घेत बोलायला लागल्या. देवीदास उठून उजव्या खिडकीपाशी गेले, त्यांनी बटण दाबलेलं कुसुमबाईंनी पाहिलं. मानेवर ओल्या वाळ्याचा गार झोत आला. झालं, कुसुमबाई सरकत सरकत डोमाजीबाबांपाशी गेल्या, त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि नेहमीच्या सवयीनं, कूलरच्या वर चढेल अशा आवाजात त्यांनी सुरू केलं.

“बाबा, पूर्णिमेचं भाषण दुसऱ्या कोणाले द्या! मी नाही करत! माझ्याच घरात जादूटोणा होऊन राहिला! गुणवंतचे बाबा घुबडाची पिसं आणून बसले! नातवासाठी करून राहिले सगळं, विनताच्या पोटी पोर नाही म्हणून!”

शेवटचं वाक्य समोरच्या भिंतीवर आपटून त्यांच्याच कानात परत आलं. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी मान वळवली. पहिल्या शब्दालाच सगळा हॉल गप्प झालेला, आणि सगळी तोंडं त्यांच्याकडे. मधल्या रांगेत विनता उठून उभी राहिली होती, पदर तोंडाला लावलेला. ती कोणाकडे न पाहता दाराकडे चालायला लागली.

“आज कूलर नाही लावला का जी?” शेवटच्या रांगेतून चंपाबाईंनी विचारलं.

“लावला ना. हवा तं येऊन राहिली,” कोणीतरी म्हणालं.

तेव्हा सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. जाळीमागे पाती गरगर फिरत होती. मूर्तीजवळचा पंचशील ध्वज वाऱ्यानं फडफडत होता, आणि त्या फडफडीचाच काय तो आवाज येत होता.

देवीदास खिडकीशी उभे होते, काखेत तो बिस्किटाचा डबा. सगळ्यांना दाखवायला आणला होता त्यांनी. तीन महिने मनात घोकून ठेवलं होतं, दारापाशीचा बंद ठेवून हा कूलर लावायचा आणि विचारायचं, येतो का आवाज कोणाले? आता विचारायचं काही उरलं नव्हतं.

“चालूच आहे कूलर,” ते म्हणाले. त्यांनी डबा उघडून एक पीस वर धरलं. “फॅक्टरीत आमच्या शेडच्या गर्डरवर घुबड राहायचं. डोक्यावरून उडून गेलं तरी कळायचं नाही. मी म्हटलं, एवढं मोठं पाखरू, आवाज कसा नाही? त्याच्या पिसाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर. वारा फाटत नाही त्यानं, हळू निसटतो. तेच मी पात्याला केलं. एवढे बारीक दाते पाडायला सोनाराची करवत लागते, अन् झालरीला त्याच्या डबीतली मखमल. पट्टीवरून वारा कसा जातो ते अगरबत्तीच्या धुरात दिसतं. मोटर रबरावर बसवली.” त्यांनी पीस परत डब्यात ठेवलं. “पिसं झाडाखाली पडलेली उचलली. कोणत्या पाखराले हात नाही लावला मी.”

“पण मग सांगितलं काहून नाही?” डोमाजीबाबांनी विचारलं. त्यांनाही आज सगळं ऐकू आलं होतं.

“मागच्या वर्षी माशाच्या शेपटीसारखी पाती केली होती, बाबा. तुमच्या धोतरावर पाणी उडालं. सहा महिने मले सगळे मच्छीवाले भैया म्हणून राहिले होते. हीसुद्धा.”

‘ही’ म्हणताना त्यांनी कुसुमबाईंकडे पाहिलं. खरंच, त्याही म्हणाल्या होत्या, आणि मनापासून हसल्या होत्या. आता त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. इतक्या लोकांत त्यांनी नवऱ्याची अब्रू काढली, सुनेचं दुखणं वेशीवर टांगलं, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं ते याच माणसाच्या तीन महिन्यांच्या मेहनतीमुळे. त्या काही सांगायला नवऱ्याकडे जराशा सरकल्या. सगळे कान टवकारून बसले होते.

देवीदासांनी ते पाहिलं. ते चालत दारापाशी गेले आणि तिथल्या जुन्या कूलरचं बटण दाबलं. खडी भरडल्यासारखा तो ओळखीचा आवाज हॉलभर झाला. मग ते परत आले, बायकोशेजारी खाली बसले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “बोल आता. कोणाले ऐकू नाही जाणार.”

ते रागावले असते तर कुसुमबाईंनी सोसलं असतं. हे मात्र सोसवेना, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बोलायला आता हरकत नव्हती. दोन शब्द नवऱ्याच्या कानात सांगितले असते की सुटल्या असत्या. पण त्यांनी दाराकडे पाहिलं. विनता चपलांच्या ढिगाऱ्यापाशी पाठमोरी उभी होती.

कुसुमबाई उठल्या. सगळ्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी जुना कूलर बंद केला. पाती घरघरत घरघरत थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “विचारायचं सोडून मी यांचा डबा उघडला. अन् विनता, तुझं नाव मी घ्यायला नको होतं. ते सगळ्यात मोठं चुकलं.”

आवाज त्यांनी जरासुद्धा चढवला नव्हता. तरी शेवटच्या रांगेत चंपाबाईंना शब्द न् शब्द ऐकू गेला. विनतानं मागे वळून पाहिलं नाही. पण तिनं पायात चप्पलही घातली नाही.